इंग्रज घराण्याची वंशावळ : पूर्वजांचा मान आणि वंशजांचा हिशेब

घराण्याचा शोध घेण्याच्या दोन वाटा आहेत. एक वाट आजच्या माणसापासून निघते, बाप, आजा, पणजा, खापरपणजा अशी मागे मागे जाते आणि कुणातरी नामवंत मूळ पुरुषापाशी विसावते. दुसरी वाट जुन्या काळातल्या एखाद्या जोडप्यापासून निघते. त्यांची जगलेली आणि मेलेली, औरस आणि अनौरस, नाव राखणारी आणि लग्न करून नाव बदललेली सगळी लेकरे ती मोजत येते. इंग्लंडमध्ये या दोन्ही वाटांनी शतकानुशतके काम झाले आहे. सामान्य माणसाच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्या देशात जितक्या जुन्या आणि सलग सापडतात, तितक्या फार थोड्या देशांत सापडतील. त्यामुळे वंशावळ म्हणजे नेमके काय आणि ती खरी केव्हा मानायची, हा प्रश्न इंग्रज घराण्यांच्या उदाहरणांवरून चांगला तपासता येतो. माझे म्हणणे असे आहे की पूर्वजांकडे जाणारी वाट एकटी चालली की मानापमानाच्या ओढीने भरकटते. वंशजांचा पुरा हिशेब मांडला तरच पूर्वजांविषयीचा दावा तपासता येतो. अमका अमक्याचा मुलगा, हे सिद्ध करायचे तर त्या बापाच्या सगळ्याच मुलांचे पुढे काय झाले ते पाहावे लागते.

आधी साधनांचा विचार करू. या शोधाचा कणा म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८ मध्ये हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने दर आठवड्याला वहीत लिहावीत. लोकांना त्यात नव्या कराची चाहूल लागली आणि बऱ्याच ठिकाणी नोंदींची हेळसांड झाली. १५९८ मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्राच्या वह्यांत उतरवण्याचा आणि दरवर्षी बिशपकडे नक्कल धाडण्याचा आदेश निघाला. त्यात पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीवर भर असल्याने कित्येक गावांच्या वह्या १५५८ पासूनच सुरू होतात. १६४२ नंतरच्या यादवी युद्धात पुन्हा खिंडारे पडली. १७५३ च्या विवाह कायद्याने क्वेकर आणि ज्यू वगळता सर्वांना अँग्लिकन चर्चमध्ये रीतसर नोंदीसह लग्न करणे भाग पडले. १८१३ पासून नोंदींसाठी छापील तक्ते आले आणि १ जुलै १८३७ पासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. १८४१ पासूनची माणसागणिक नावांची खानेसुमारी देशभर टिकली आहे. १९३१ ची खानेसुमारी आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही, आणि ती उणीव सप्टेंबर १९३९ मधल्या राष्ट्रीय नोंदणीने काही अंशी भरून काढली. शिवाय मृत्युपत्रे आहेत. १८५८ पर्यंत ती चर्चच्या न्यायालयांत आणि त्यानंतर सरकारी कचेरीत सिद्ध होत. यांतला एकही कागद वंशावळ मांडणाऱ्यासाठी लिहिलेला नाही. चर्चला आपले अनुयायी मोजायचे होते, राज्याला प्रजा मोजायची होती, वारसांना मालमत्ता हवी होती. कागद कशासाठी लिहिला गेला हे कळले, की त्यातून काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचाही अंदाज येतो.

कागद मिळाला म्हणजे नाते सिद्ध झाले, असे मात्र होत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत मुलग्यांची नावे मोजकीच असत. एकाच गावात, एकाच आडनावाचे तीन जॉन आणि दोन टॉमस एकाच वेळी नांदत. मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देण्याची चाल सर्रास होती. आजच्या माणसापासून मागे जाणारा शोधक वहीत १६४० चा एक जॉन पाहतो, वय जुळते म्हणून त्याला आपला पूर्वज ठरवतो आणि पुढच्या पिढीकडे वळतो. त्याच वहीत दोन वर्षांनी त्या बाळाच्या दफनाची नोंद असू शकते, पण ती बघायला तो थांबत नाही. तारखांचाही घोळ आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीत एप्रिल १७०० मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७०० मध्ये पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा दिसला, तर अजाण वाचक त्या मुलाला लग्नाआधीचे समजेल. खरे पाहता ते दहा महिन्यांनंतरचे आहे. १८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरील माणसांची वये साधारणपणे पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली गेली, त्यामुळे एकोणचाळीस वर्षांचा माणूस तिथे पस्तिसाचा होतो. अशा चुका टाळण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे. ज्याला आपण बाप म्हणतो त्याचे सगळे कुटुंब मांडायचे, त्या नावाचा प्रत्येक मुलगा पुढे कुठे गेला हे पाहायचे, आणि मगच उरलेल्या एकाकडे बोट दाखवायचे.

मानाची ओढ वंशावळीला कुठे नेते, हे नॉरफोकच्या पॅस्टन घराण्याइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. १४२२ ते १५०९ या काळातली या घराण्याची एक हजारांहून अधिक पत्रे आणि कागद टिकले आहेत. पंधराव्या शतकातले इंग्रज कुटुंब आतून कसे होते हे आपल्याला मुख्यतः त्यांच्यामुळे कळते. १४१९ मध्ये वारलेला क्लेमेंट पॅस्टन हा साधा शेतकरी होता. घराण्याच्या वैऱ्यांनी लिहिलेल्या एका टिपणात तो स्वतः नांगर धरी, शंभर-सव्वाशे एकर जमीन कसे, धान्य घोड्यावर घालून दळायला नेई आणि त्याची बायको भूदास कुळातली होती, असे म्हटले आहे. कर्ज काढून त्याने मुलाला शिकवले. तो विल्यम पुढे कायदेपंडित झाला आणि १४२९ मध्ये न्यायाधीश. पुढच्या पिढीत सर जॉन फास्टॉल्फची केस्टर किल्ल्यासह मोठी इस्टेट पॅस्टनांकडे आली, तसे वैरी वाढले आणि तुम्ही मुळात भूदासच, हा आरोप धारदार झाला. भूदासाला स्वतंत्र जमीन धारण करण्याचा हक्कच नसल्याने इस्टेटच धोक्यात होती. तेव्हा पॅस्टनांनी कागद पुढे केले. नॉर्मन विजयानंतर लवकरच फ्रान्सहून आलेला वुलस्टन हा आमचा मूळ पुरुष, असे त्यांत होते. १४६६ मध्ये चौथ्या एडवर्ड राजाने ती वंशावळ मान्य केली. इतिहासकार मात्र ती रचलेली मानतात. तीन पिढ्यांपूर्वीचा नांगरधारी क्लेमेंट हाच खरा आणि अभिमान वाटावा असा पूर्वज होता. पण जमीन टिकवण्यासाठी त्याला झाकून एक उसना सरदार पुढे आणावा लागला.

हेच घराणे वंशजांच्या बाजूने पाहिले तर निराळी गोष्ट समोर येते. क्लेमेंटचा नातू जॉन आणि त्याची कर्तबगार बायको मार्गारेट यांची मुलगी मार्जरी हिने घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, चोरून लग्न केले. १४६९ मध्ये बिशपने तिची उलटतपासणी घेतली. तिने उच्चारलेली वचने त्याला विवाह ठरवण्यास पुरेशी वाटली आणि आईने मुलीला घराचे दार बंद केले. मान जपणाऱ्या वंशावळीत मार्जरीची शाखा इथेच खुंटते. पण मार्गारेटच्या मृत्युपत्रात मार्जरीच्या मुलासाठी वीस पौंड ठेवलेले आहेत. कागदाने तोडलेले नाते दुसऱ्या कागदाने परत जोडले. पुढे पॅस्टनांच्या मुख्य शाखेतला रॉबर्ट १६७९ मध्ये यार्मथचा अर्ल झाला. त्याचा मुलगा, दुसरा अर्ल, राजा दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलीचा नवरा होता. तो १७३२ मध्ये कर्जबाजारी अवस्थेत, मुलगे आधीच वारलेले असताना गेला आणि पदवी संपली. पदवी आणि आडनाव एवढेच घराणे मानणाऱ्याच्या लेखी पॅस्टन निर्वंश झाले. मुलींच्या शाखा मोजणाऱ्याला ते विधान फारच अपुरे वाटेल.

पॅस्टनांनी जे संकटात सापडून केले, ते पुढच्या शतकांत रिवाज बनले. १५३० ते १६८८ या काळात राजाने नेमलेले हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचे अधिकारी, परगण्या-परगण्यांत फिरून खानदानी घराण्यांची चिन्हे आणि वंशावळी तपासत. मधल्या काळातले त्यांचे कागद पुष्कळदा मोलाचे आहेत, पण फार मागचा भाग बहुतेक वेळा घरच्या माणसांच्या सांगण्यावर उभा असे. १८२६ मध्ये जॉन बर्क याचा उमरावांचा कोश प्रथम निघाला आणि पुढे जमीनदार घराण्यांचे खंड आले. त्यांत विल्यम द कॉन्कररसोबत आलेले पूर्वज गर्दीने दिसू लागले. इतिहासकार एडवर्ड फ्रीमन याने १८७७ मध्ये या दंतकथांवर तुटून पडणारा लेख लिहिला. होरेस राउंड याने मूळ सनदा आणि न्यायालयीन कागद वाचून एकेक बनावट वंशावळ उघडी पाडली. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने तर अमेरिकेतल्या धनिकांना इंग्रज पूर्वज पुरवण्याचा धंदाच मांडला. त्याच्या बनावट नोंदी नकलांमधून आजही फिरत असतात. राउंडच्या कामामुळे इंग्रज वंशशास्त्राला शिस्त लागली. १९११ मध्ये लंडनला वंशशास्त्रज्ञांची संस्था स्थापन झाली आणि प्रत्येक दुव्याला समकालीन पुरावा हवा, ही अट रुळली. तरी प्रश्न अजून मागच्या दिशेचाच होता: कोण कुणापासून आला?

दिशा बदलली ती लोकसंख्येच्या इतिहासकारांनी. १९६४ मध्ये पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी केंब्रिजमध्ये लोकसंख्या आणि समाजरचना यांच्या इतिहासाचा अभ्यासगट सुरू केला. पॅरिशच्या वहीतले प्रत्येक लग्न घ्यायचे, त्या जोडप्याची सगळी मुले, त्यांचे मृत्यू, त्यांची लग्ने जोडत जायची आणि गावातली कुटुंबे पुन्हा उभी करायची, अशी त्यांची पद्धत होती. डेव्हन परगण्यातले कोलिटन हे गाव या कामाचे पहिले प्रसिद्ध उदाहरण. १९८१ मध्ये रिग्ली आणि स्कोफिल्ड यांनी ४०४ पॅरिशच्या आकड्यांवरून १५४१ ते १८७१ या काळातली इंग्लंडची लोकसंख्या मांडली. १९९७ च्या पुढच्या ग्रंथात २६ पॅरिशमधली कुटुंबे पिढ्या जोडून अभ्यासली गेली. इंग्रज मुली सोळाव्या वर्षी लग्न करत, ही समजूत या कामाने मोडली. सर्वसामान्य स्त्रीचे पहिले लग्न पंचविशीच्या आसपास होई, नवरा-बायको वेगळे बिऱ्हाड थाटत आणि लग्नाचे वय खालीवर झाले की लोकसंख्याही खालीवर होई. एखाद्या सरदाराची चौदा पिढ्यांची वंशावळ हे कधीच सांगू शकली नसती, कारण तिच्यात प्रत्येक पिढीतला फक्त एकच मुलगा असतो, बाकीची भावंडे नसतात.

एकाच मुलग्याच्या माळेने दिशाभूल कशी होते, हे फ्रान्सिस गॉल्टनच्या गणितातून आणि त्याच्याच चुकीतून कळते. उमरावांची नावे इतक्या झपाट्याने का लोपतात, हा प्रश्न त्याने १८७३ मध्ये गणितज्ञांपुढे ठेवला आणि हेन्री वॉटसनने त्याचे उत्तर दिले. त्यातला एक दोष नंतर दुरुस्त झाला, पण गाभा टिकला: लोकसंख्या वाढत असली तरी केवळ मुलग्यांमधून जाणारी बरीचशी नावे काही पिढ्यांत संपतातच. म्हणजे आडनाव लोपणे हा घराण्याच्या अधःपाताचा पुरावा ठरत नाही. इतके स्वच्छ दिसूनही याच गॉल्टनने १८६९ च्या आपल्या ग्रंथात थोर माणसे निवडून त्यांच्या नातलगांतले थोर लोक शोधले आणि बुद्धी वंशातून उतरते असा निष्कर्ष काढला. १८८३ मध्ये त्याने सुप्रजननाच्या विचाराला नाव दिले. वंशशास्त्रावरचा सर्वांत गंभीर आक्षेप इथूनच येतो: घराण्यांच्या शोधाने वर्णगर्व आणि कुलगर्व पोसला, माणसांत उच्चनीच ठरवणाऱ्यांच्या हाती शस्त्र दिले, मग त्याचे कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. पण गॉल्टनची चूक नेमकी पद्धतीची होती. यशस्वी माणसापासून आरंभ केला की त्याच्या भोवतीचे यश दिसते. त्याच पूर्वजांचे सामान्य, आजारी, अल्पायुषी वंशज नजरेबाहेर राहतात. शिवाय पैसा, शिक्षण आणि ओळखी यांचाही वारसा असतो, तो गॉल्टनने रक्ताच्या खाती टाकला.

हे तपासायला गॉल्टनच्याच गोतावळ्यासारखे उदाहरण नाही. त्याची आई व्हायोलेटा ही डॉक्टर इरॅस्मस डार्विनची मुलगी. इरॅस्मसची मान्य केलेली अपत्ये चौदा: दोन लग्नांची बारा, आणि मधल्या काळातल्या मेरी पार्कर या बाईपासून झालेल्या दोन मुली. या पार्कर बहिणींना त्याने घरात वाढवले, त्यांना ॲशबोर्नला मुलींची शाळा काढून दिली आणि त्या निमित्ताने १७९७ मध्ये स्त्रीशिक्षणावर पुस्तकही लिहिले. इरॅस्मसचा मुलगा रॉबर्ट याने कुंभारकामाचा महान कारखानदार जोसाया वेजवुड याच्या सुझॅना या मुलीशी लग्न केले, आणि त्यांचा मुलगा चार्ल्स डार्विन. चार्ल्सने १८३९ मध्ये एमाशी, म्हणजे सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केले. त्याच्या दोन वर्षे आधी त्याची बहीण कॅरोलाइन एमाच्या भावाला दिली होती. हे साटेलोटे मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल. चार्ल्स आणि एमा यांना दहा मुले झाली. त्यांतली तीन लहानपणीच गेली. दहा वर्षांच्या ॲनीचा मृत्यू बापाच्या जिव्हारी लागला. उरलेल्या सातांपैकी जॉर्ज, फ्रान्सिस आणि होरेस हे तिघे रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गर्वाची वंशावळ इथेच थांबून टाळ्या घेते. पूर्ण हिशेब सांगतो, की सातांपैकी एलिझाबेथ अविवाहित राहिली. विल्यम, हेन्रिएटा आणि लेनर्ड यांचे संसार दीर्घ पण निपुत्रिक होते. नातवंडे फक्त तीन मुलांकडून आली. डार्विनला स्वतःलाच नात्यातल्या लग्नाची काळजी होती. १८७१ च्या खानेसुमारीत आते-मामे-चुलत भावंडांच्या लग्नांचा प्रश्न घालावा, असा त्याने जॉन लबकच्या मार्फत संसदेत प्रयत्न केला, तो फेटाळला गेला. मग मुलगा जॉर्ज याने १८७५ मध्ये नवराबायकोचे आडनाव आधीपासून एकच असलेली लग्ने मोजून अशा विवाहांचे प्रमाण काढले. लंडनमध्ये ते दीड टक्क्याच्या आसपास आणि उमरावांत साडेचार टक्क्यांच्या आसपास आले. घराण्याची सगळी मुले मोजण्याच्या सवयीतून विज्ञानाचा एक प्रश्न उभा राहिला. थोरांची यादी करण्याच्या सवयीतून सुप्रजननाचा भ्रम.

मुलींच्या शाखांनीही या घराण्यात भरभरून दिले. संगीतकार राल्फ वॉन विल्यम्स हा कॅरोलाइन डार्विन आणि तिसरा जोसाया वेजवुड यांच्या मुलीचा मुलगा. डार्विनच्या आत्मचरित्रातून घरच्यांनी गाळलेला मजकूर १९५८ मध्ये परत घालून ते प्रसिद्ध केले ते होरेसच्या मुलीने, नोरा बार्लोने. केंब्रिजमधल्या या नातवंडांच्या बालपणाचे जिवंत चित्र लिहिणारी ग्वेन रॅव्हरा ही जॉर्जची मुलगी. यांतले एकही आडनाव डार्विन नाही. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही लेकीची नोंद बहुधा सासरच्या नावापाशी संपते. तिथेही हीच गळती होत असणार.

यावर कुणी म्हणेल, आता डीएनए आहे, मग जुन्या वह्या कशाला चाळायच्या? याचे उत्तर तिसऱ्या रिचर्डच्या सांगाड्याने दिले. १४८५ मध्ये बॉसवर्थच्या लढाईत मारला गेलेला हा राजा लेस्टरमधल्या फ्रान्सिस्कन मठात पुरला होता. २०१२ मध्ये तिथल्या वाहनतळाखाली एक सांगाडा सापडला. नुसत्या डीएनएवरून तो कुणाचा हे कळणे शक्य नव्हते, कारण जुळवायचे कुणाशी, हे वंशावळच सांगू शकते. रिचर्डला औरस वंशज उरले नाहीत. पण त्याची बहीण ॲन ऑफ यॉर्क हिच्या मुलीपासून मुलीकडे असा माग काढत जॉन ॲशडाउन-हिल हा इतिहासकार आधीच एका कुटुंबापर्यंत पोचला होता. त्या कुटुंबातला, लंडनमध्ये फर्निचर घडवणारा मायकल इब्सेन आणि त्याच मातृवंशातली आणखी एक स्त्री यांच्याशी सांगाड्याचा मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे आईकडून येणारा, डीएनए जुळला. इब्सेनशी तर पूर्ण जुळला. २०१४ मध्ये टुरी किंग आणि सहकाऱ्यांनी सगळा पुरावा एकत्र तोलून ओळख ९९.९९९ टक्के निश्चित असल्याचे दाखवले. त्याच संशोधनात पुरुषवंशाची परीक्षाही झाली. रिचर्ड ज्याचा पुरुषवंशज होता त्या तिसऱ्या एडवर्डपासून बोफर्टच्या ड्यूक घराण्यापर्यंतची बापाकडून मुलाकडे येणारी शाखा कागदावर चोख आहे. पण त्या घराण्याच्या आजच्या पाच पुरुषांपैकी कुणाचेही वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळले नाही, आणि पाचांतला एक तर उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. म्हणजे कागदावरचा बाप आणि खरा बाप निदान दोन ठिकाणी वेगळे आहेत. त्यांतली जुनी फारकत कोणत्या पिढीत झाली, हे डीएनए सांगत नाही. मिरवलेली पुरुषांची माळ तुटली आणि कुणी न मिरवलेली लेकींची माळ टिकली. डीएनएला वंशजांचा पूर्ण तपशील लागतोच. त्याच्याशिवाय प्रयोगशाळेतला निकाल मुका राहतो.

दुसरा आक्षेप गरिबांविषयीचा आहे. कागद मालमत्तेचे असतात, मग ज्याच्याकडे काहीच नव्हते त्याचे घराणे कुठून मिळणार? पॅस्टनांसारखी पत्रे गरिबांनी ठेवली नाहीत, हे खरे. पण इंग्लंडमध्ये दारिद्र्याचाही कागद बनत असे. १६६२ च्या वसाहत कायद्यानंतर गरजूला पोसायची जबाबदारी कोणत्या पॅरिशवर, हा खर्चाचा वाद झाला. मग मजुराला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करून कुठे जन्मलास, कुठे उमेदवारी केलीस, कुणाकडे वर्षभर राबलास, लग्न कुणाशी केलेस, हे विचारून लिहून घेत. लग्नाविना जन्मलेल्या मुलाचा खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून बापाकडून करारनामा घेत. ज्यांची आत्मचरित्रे कुणी लिहिणार नव्हते, त्यांची लहानशी आत्मकथने या कागदांत मिळतात. हेतू निर्दयी असला तरी वंशजाला त्यातून पूर्वज भेटतो. सरदारांच्या वंशावळीत न आढळणारी बाप-नाकारलेली लेकरे इथे नावानिशी आढळतात.

इंग्रज कुटुंबांचा एक धागा आपल्या भूमीतूनही जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांतून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नकला लंडनला जात. मुंबईच्या अशा नोंदी अठराव्या शतकाच्या आरंभापासूनच्या असून त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मुंबई, पुणे, खडकी, सुरत इथे जन्मलेल्या, मेलेल्या इंग्रजांची नावे त्यांत आहेत. पण हिंदी आयांची नावे पुष्कळदा गाळलेली आहेत. सुरतेला थिओडोर फोर्ब्ज या कंपनीच्या स्कॉटिश व्यापाऱ्यासोबत राहणाऱ्या एलायझा केवार्क हिला १८१२ मध्ये कॅथरीन नावाची मुलगी झाली. मुलगी स्कॉटलंडला पाठवली गेली, आई इकडेच राहिली. कुटुंबात एलायझा आर्मेनियन असल्याचे सांगितले जाई. कॅथरीनपासून मुलीकडून मुलीकडे येणाऱ्या शाखेतच पुढे राजकन्या डायना जन्मली. २०१३ मध्ये त्या मातृवंशातल्या नातलगांची चाचणी झाली, तेव्हा एलायझाचा मातृवंश दक्षिण आशियातला असल्याचे दिसले. या चाचणीतून आईच्या आईच्या आईचाच धागा कळतो, म्हणून तिचा बाप आर्मेनियन असण्याची शक्यता मिटत नाही. तरी दोनशे वर्षे झाकलेली एक भारतीय आजी ब्रिटिश राजघराण्याच्या वंशवृक्षात आपल्या जागी परतली, तीही लेकींच्या शाखेमुळे.

शेवटचा आक्षेप गणिताचा आहे आणि तो वरवर सगळा खटाटोपच निरर्थक ठरवतो. प्रत्येक पिढीला पूर्वज दुप्पट होतात. तीस पिढ्या, म्हणजे सुमारे नऊशे वर्षे मागे गेले तर कागदावर शंभर कोटींहून अधिक पूर्वज होतात, आणि १३०० च्या सुमारास इंग्लंडची लोकसंख्या साठ लाखांच्याही वर नसावी. साहजिकच तेच पूर्वज हजारो वाटांनी पुन्हा पुन्हा येतात आणि आजचा जवळजवळ प्रत्येक इंग्रज तिसऱ्या एडवर्डचा वंशज निघतो. मग शोध कशासाठी? या गणिताने पडते ती फक्त मानाची वंशावळ. राजवंश सगळ्यांचाच असेल तर तो कुणाचाच विशेष नाही, आणि त्याच न्यायाने प्रत्येक सरदाराच्या पूर्वजांत क्लेमेंट पॅस्टनसारखे नांगरधारी शेकड्यांनी असणार. पण अमुक जोडप्याची लेकरे कुठे गेली, कोणती जगली, कुणाला गाव सोडावे लागले, कुणाचे नाव कुणी खोडले, हे प्रश्न या गणिताने सुटत नाहीत. ते नोंदीगणिक, कुटुंबागणिकच सुटतात.

आज संकेतस्थळांवर कुणीही एका दिवसात इंग्रज घराण्याचे दहा पिढ्यांचे झाड उभे करतो. दुसरा त्याची नक्कल करतो आणि आंजूच्या काळातली खोटी नावे नव्याने रुजतात. म्हणून वंशावळ पारखताना मूळ पुरुष किती जुना, हे विचारण्यात अर्थ नाही. प्रत्येक दुव्यामागे त्या काळचा कोणता कागद आहे आणि तो कुणी कशासाठी लिहिला, बापाच्या सगळ्या मुलांचा शेवट नोंदला आहे का, मुलींच्या शाखा किती पिढ्या खाली आणल्या आहेत, अनौरस आणि अल्पायुषी मुलांना जागा आहे का, जिथे पुरावा संपतो तिथे लेखक थांबला आहे का, हे विचारायला हवे. या कसोटीला उतरणारी चार पिढ्यांची वंशावळ राजाने शिक्का मारलेल्या चारशे वर्षांच्या वंशावळीपेक्षा अधिक मोलाची आहे. पॅस्टनांना राजाची मान्यता मिळाली, तरी त्यांच्या घराण्याचे खरे वैभव ठरले ते आपल्या मुलाला कर्ज काढून शिकवणारा क्लेमेंट आणि आपल्या मनाच्या माणसाशी लग्न करणारी मार्जरी. वंशशास्त्राने अशी माणसे शोधून त्यांना घराण्यात त्यांची जागा द्यावी. तेवढे केले तर त्याला कुलगर्वाची चाकरी करावी लागणार नाही आणि इतिहासाला त्याचा उपयोग होईल.